सुटं टोक

वाघोली ते येरवडा या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा सत्यशीला कोकाटेला पाठ होता असं म्हटलं, तर पुणेकर लगेच विचारतील, कोणत्या सालचा? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं: बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा ती पीएमपीच्या बसनं रोज दोन फेऱ्या मारायची आणि तिच्या मांडीवर एक जाडजूड कापडी पिशवी असायची. पिशवीत लोकांच्या रक्त-लघवीच्या तपासणीचे रिपोर्ट. तपासणी व्हायची येरवड्याच्या मुख्य लॅबमध्ये, आणि रिपोर्टची वाट बघत पेशंट बसलेला असायचा वाघोलीच्या शाखेत. मधला रस्ता सत्यशीलाचा. खराडीला बस अडकली, की वाघोलीतल्या एखाद्या काकांची साखर किती आहे ते संध्याकाळपर्यंत काकांनाही कळायचं नाही.

ती मूळची भूम तालुक्यातली, बारावी पास. नवरा संतोष सणसवाडीच्या एका कारखान्यात लेथवर. लग्नानंतर दोघं वाघोलीत एका खोलीत राहायला आली. लॅबचे मालक इंद्रजीत डॉक्टर यांनी तिला कामावर घेताना विचारलं होतं, पुण्यातले रस्ते माहीत आहेत का. तिनं सांगितलं, नाहीत, पण ते कुठं पळून चाललेत? डॉक्टर पेठेत वाढलेले. उलट उत्तर ऐकून त्यांना माणूस घरचा वाटला असावा. उद्यापासून या म्हणाले.

वर्षभरात तिला रस्ताच नव्हे तर पेशंटही पाठ झाले. आणि मग एके दिवशी लॅबमध्ये वायरींची भेंडोळी येऊन पडली. रिपोर्ट आता संगणकातून थेट वाघोलीला जाणार होते. म्हणजे पिशवी बंद, बस बंद आणि पिशवीवालीही बंद. काउंटरवरच्या मुलींनी हळहळून तिला चहा पाजला. सत्यशीलाला वाईट वाटलंच, का वाटू नये? लागलेलं काम असं कुणी वायरीत घालून नेलं तर कुणालाही वाटेल. पण तिचा स्वभाव रडत बसण्याचा नव्हता. जे येणारच आहे त्याच्या आडवं पडून उपयोग नाही, एवढं तिला बसमध्येच कळलं, आणि दुसऱ्या दिवशी ती वायर ओढायला आलेल्या माणसाच्या शिडीपाशी जाऊन उभी राहिली.

तो माणूस म्हणजे सिराजभाई. येरवड्यात तीन पिढ्या काढलेलं घर. आजोबा कल्हईवाले, वडील सायकल दुरुस्त करणारे, आणि स्वतः सिराजभाईंनी उमेदीची वर्षं टेलिफोनच्या केबली जोडण्यात घालवलेली. त्या दिवशी त्यांचा मदतनीस आला नव्हता. त्यांनी तिला शिडी धरायला सांगितली. तिनं दुपारपर्यंत धरली, आणि जेवण झाल्यावर विचारलं, "मी चढू का?"

सिराजभाईंनी तिच्या साडीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "पदर खोच आणि चढ," ते म्हणाले. "वर गेल्यावर खाली बघू नकोस."

तिनं खाली पाहिलं नाही. आपलं काम खाणारी वायर तिनं आपल्याच हातानं भिंतीच्या भोकातून ओढून घेतली. पुढची दोन वर्षं ती लॅबमध्ये पडेल ते काम करायची, आणि सुट्टीच्या दिवशी सिराजभाई जिथं जातील तिथं जायची. ते शिकवायचे ते मोजक्या शब्दांत. एका छपराखालची यंत्रं आपापसात बोलतात, ते घर. शिकलेले लोक त्याला लॅन म्हणतात. एका घराला दुसऱ्या गावातल्या घराशी बोलायचं, तर मध्ये रस्ता लागतो. असा रस्ता धरून लांबची घरं जोडली की ते झालं वॅन. घरात वायरी एका चपट्या पेटीत येऊन मिळतात, ती स्विच. दिव्याचा स्विच नव्हे. ओळीनं भोकं असलेली, ज्याचा निरोप त्याच्या खोलीत पोचवणारी पेटी. आणि घराच्या उंबऱ्यावर बसलेला, बाहेरचं काय आणि आतलं काय ते ठरवणारा, तो राऊटर. घर आपलं असतं, रस्ता दुसऱ्याचा असतो. म्हणून काही बंद पडलं, की हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: घरातलं, की रस्त्यावरचं?

कॉलेजच्या पोरांना हे समजायला सहा महिने लागतात म्हणे. सत्यशीलाला एका दुपारी समजलं. ती स्वतःच वर्षभर तो रस्ता होती.

आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. लॅबच्या तीन शाखा झाल्या होत्या, येरवडा, वाघोली आणि सहा महिन्यांपूर्वी उघडलेली मांजरी, आणि तिन्हींच्या भिंतींतून गेलेली वायरीची वीत न् वीत तिच्या हाताखालून गेलेली होती. लोक तिला वायरवाल्या बाई म्हणत. तिला ते आवडायचं. स्कूटीच्या डिकीत वायर चेपायची पकड, वायर तपासायची डबी आणि पांढऱ्या चिठ्ठ्यांचं रीळ कायम असायचं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना ती चिठ्ठी लावायची: कुठून आली, कुठं जाते. चिठ्ठी नसलेली वायर तिला गळ्यात पट्टा नसलेल्या कुत्र्यासारखी वाटायची. आणि तिचा एक नियम होता, जो तिनं तिन्ही शाखांमधल्या झाडून सगळ्यांच्या डोक्यात घातला होता: सुटं टोक लोंबता कामा नये. वायर लोंबली की कुणाचा तरी पाय अडकतो, मग टोक मोडतं, मग सत्यशीलाला स्कूटी काढावी लागते. टोक सुटलेलं दिसलं, की ते जागेवर लावायचं. मांजरीच्या साफसफाईवाल्या नंदाताईंना तर तिनं या एका गोष्टीवरून तीनदा झापलं होतं. पन्नाशीच्या नंदाताई मांजरीतल्याच. त्यांचं राज्य फडक्याचं आणि झाडूचं, आणि त्या राज्यात त्या कुणाचं ऐकत नसत. सत्यशीलाचं मात्र ऐकू लागल्या.

सगळं असं मनासारखं चाललेलं असताना डॉक्टरांना एका कंपनीचा माणूस भेटला. संजय त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि नमनालाच घडाभर तेल. तिन्ही शाखांचं नेटवर्क कंपनी सांभाळेल, एका पडद्यावर सगळं दिसेल, काही बिघडलं तर तक्रार नोंदवायची, चार तासांत उत्तर मिळेल. डॉक्टरांनी सत्यशीलाला बोलावून सरळ सांगितलं. लॅब वाढतेय, शाखा तीनाच्या पाच होतील, एका बाईच्या स्कूटीवर किती दिवस भरवसा ठेवायचा? कंपनीला काम दिलं, तर तिला येरवड्याच्या काउंटरवर नावं नोंदवायला बसवू, पगार तोच राहील. नवमीच्या दिवशी दहा वाजता संजय मांजरीची शाखा पाहायला येणार होता. सही दसऱ्याला. इंद्रजीत डॉक्टर देवाधर्माचं फारसं मानत नसत, पण साडेतीन मुहूर्तांपैकी एक फुकट कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

पगार तोच, हे ऐकून संतोषला हायसं वाटलं होतं. सत्यशीलाला नाही. शिडीवरून उतरवून तिला खुर्चीत बसवणार होते, आणि खुर्ची कितीही मऊ असली तरी ती खालीच असते. तिला स्वतःच्या कामाचा अभिमान होता, आणि तो लपवण्याइतकी ती साळसूदही नव्हती. दहा वाजता येऊ दे त्या संजयला, ती म्हणाली; मांजरीचं कपाट उघडून दाखवते, एक वायर वाकडी सापडली तर काउंटरवर जाऊन बसेन.

म्हणून अष्टमीच्या दुपारी ती मांजरीला जाऊन सगळं नीट लावून आली. कपाटातला स्विच, बाहेर भिंतीवरचा राऊटर, सगळ्या वायरी, सगळ्या चिठ्ठ्या. एकच गोष्ट राहिली. छपाईयंत्राचं जुनं टेबल हलवलं होतं. त्याची करड्या रंगाची वायर तिनं भिंतीतून ओढून कपाटात घेतली. एक टोक स्विचमध्ये होतंच, दुसरं मोकळं झालं. दसऱ्यानंतर तिथं नवं तपासणीयंत्र येणार, तेव्हा हीच वायर लागेल, म्हणून तिनं ती तशीच ठेवली. चिठ्ठ्यांचं रीळ संपलं होतं. तेवढ्यात वाघोलीहून फोन आला, आणि तिनं कपाटाचं दार लोटलं. आयुष्यात दुसऱ्या कुणी असं टोक सोडलं असतं तर तिनं त्याला उभं सोललं असतं. स्वतःला मात्र ती काही बोलली नाही, आणि वाघोलीच्या वाटेवर विसरूनही गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या घरी हा सण दिवाळीपेक्षा एक बोट मोठा. संतोषनं सकाळी आंघोळ करून पाट मांडला, त्यावर आपलं मोजमापाचं कॅलिपर ठेवलं, पाना ठेवला, आणि बायकोची पकड, डबी, स्क्रू ड्रायव्हर हेही पुसून मांडलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. आठ वाजता फोन वाजला. मांजरीच्या काउंटरवरची श्रद्धा सांगत होती, काहीच चालत नाहीये, सात वाजल्यापासून. रिपोर्ट येत नाहीत, नोंदणी होत नाही, पंचवीस माणसं उपाशीपोटी बसलीत.

सत्यशीलानं पाटाकडे हात केला आणि संतोष आडवा आला. पूजेत बसवलेलं हत्यार आज उचलायचं नसतं. हे तिलाही ठाऊक होतं. माहेरी तिचे वडील या दिवशी विळ्याला हात लावत नसत.

"मग कशानं करणार हायेस?" संतोषनं विचारलं.

"हात कुठं पूजेत ठेवलेत?" ती म्हणाली, आणि स्कूटीची किल्ली घेऊन निघाली.

आव्हाळवाडीवरून मांजरीला जाताना दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. एरवी तिला हा रस्ता आवडायचा. आज ती हिशेब करत होती: आठ-चाळीसला पोचेन, दहापर्यंत सव्वा तास. सव्वा तासात तिनं याहून मोठी आजारपणं बरी केली होती. घाबरायचं तिला कारण दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती घाबरलीही नव्हती.

मांजरीला पोचली तर दारात डॉक्टरांची गाडी उभी. पेठेतला माणूस वेळेआधी येऊन थांबतो, हे ती विसरली होती. डॉक्टर आत उभे होते, शेजारी संजय, आणि श्रद्धा वहीत हातानं नावं लिहून घेत होती. बाकड्यांवर बसलेली माणसं वैतागलेली. काहींना नवरात्राचा उपास, त्यात तपासणीसाठी चहाही बंद. संजयचं निदान तयार होतं. कोपऱ्यावर रस्ता खणलाय, येताना त्यानं स्वतः पाहिलं होतं. बाहेरची लाइन तुटली असणार, मॅडम काय करणार त्याला? त्यानं लाइनवाल्यांकडे तक्रार नोंदवायला फोनही काढला होता. पुण्यात रस्ता खणलेला नसेल असा आठवडा नसतो, त्यामुळे हे निदान सहसा चुकत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनी सत्यशीलाकडे पाहिलं.

"रस्त्याला नंतर बोल लावू," ती म्हणाली. "आधी घर बघते."

तिनं श्रद्धाला सांगितलं, समोरच्या खोलीतल्या छपाईयंत्रावर एक कोरा कागद काढ. श्रद्धानं काढायला सांगितला, यंत्र ढिम्म. सत्यशीलानं डॉक्टरांना दाखवलं: या टेबलापासून त्या खोलीपर्यंत जायला गावातला रस्ता लागत नाही, हे दोघं एकाच घरातले. घरातल्या घरात बोलणं बंद असेल, तर बाहेर खणलेल्या खड्ड्याचा काय संबंध? मग तिनं श्रद्धाचा लॅपटॉप उचलला. राऊटर कपाटाबाहेर भिंतीवर होता. त्याच्यातून स्विचकडे जाणारी वायर काढली आणि लॅपटॉप थेट राऊटरला जोडला. म्हणजे घराला बाजूला सारून ती उंबऱ्यावर जाऊन बसली. आणि येरवड्याची लॅब पडद्यावर झटकन उघडली. कालचे रिपोर्ट, आजचे रिपोर्ट, सगळे तिथं ओळीनं उभे.

रस्ता धडधाकट होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता. संजयनं फोन खिशात ठेवला. पोरगं अडाणी नव्हतं, त्याला कळलं. बाकड्यांवरच्या लोकांना काही कळलं नाही, पण बाईला काहीतरी सापडलंय एवढं दिसलं आणि ते जरा सरसावून बसले.

आता कपाट. सत्यशीला कपाटाकडे वळली तर नंदाताई दारासमोर उभ्या.

नंदाताईंनी पहाटेच येऊन कपाट उघडलं होतं. आतली सगळी यंत्रं कोरड्या फडक्यानं पुसली, स्विचला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, उदबत्ती ओवाळली. लॅबचं हत्यार ते हेच, असं त्यांनी आपल्या मनानं ठरवलं होतं, आणि त्यात चूक काय होतं? हार असा भरघोस होता, की स्विचचे दिवे, भोकं, वायरी, सगळं फुलांखाली गेलं होतं. सकाळपासून श्रद्धानं दोनदा कपाट उघडायला पाहिलं, आणि नंदाताईंनी दोन्ही वेळा परत पाठवलं होतं.

"ताई, आज हत्याराला हात न्हाय लावायचा," नंदाताई म्हणाल्या. "तुमाला म्या सांगावं व्हय?"

सत्यशीलाला हसू आलं नाही. तिची स्वतःची पकड वाघोलीत पाटावर बसली होती. ती म्हणाली, हत्यार हलवायचं नाही, नुसतं बघायचं आहे. हार तुमच्याच हातानं वर ठेवा. नंदाताईंनी स्विचला हात जोडले, हार काढला आणि कपाटावर ठेवला. आणि आतला प्रकार उघडा पडला. एरवी स्विचवरचे दिवे आपापल्या मर्जीनं लुकलुकतात. एक बोलला, दुसरा थांबला, असं. आज सगळेच्या सगळे एकदम, एका लयीत, वेड्यासारखे फडफडत होते. सत्यशीलानं असं यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, सिराजभाईंच्या बरोबर. तिनं ओळीनं वायरी पाहायला सुरुवात केली. चिठ्ठी, चिठ्ठी, चिठ्ठी. आणि मग एक करडी वायर, बिनचिठ्ठीची. तिचं एक टोक तिसऱ्या भोकात, आणि दुसरं टोक त्याच पेटीच्या अकराव्या भोकात.

 तिला सगळं आठवलं. रीळ संपलं होतं, फोन वाजला होता, दार लोटलं होतं.

नंदाताईंनी काय केलं असेल, तेही तिला बघितल्यासारखं दिसलं. फडकं फिरवताना सुटं टोक लोंबताना सापडलं. सणाचा दिवस, वायरवाल्या बाईंचा नियम. नंदाताईंनी रिकामं भोक शोधून टोक जागेवर लावलं आणि वर फूल वाहिलं. झापून झापून शिकवलेलं त्या अगदी बरोबर शिकल्या होत्या.

या घटकेला काय करायचं, याचे तीन रस्ते होते, आणि सत्यशीलाला तिन्ही दिसले. वायर गुपचूप उपटायची आणि म्हणायचं, आलं बाई सुरू, खणणाऱ्यांनीच काहीतरी केलं असणार. संजयनं ते आधीच सर्वांना पटवून ठेवलं होतं. किंवा म्हणायचं, नंदाताईंनी भलत्या ठिकाणी टोक खुपसलं. तेही खोटं नव्हतं. डॉक्टर मागून पुढं आले. त्यांना वायर दिसली होती.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

नंदाताईंचा चेहरा उतरला. म्या पुसलं, पूजा केली, येक टोक लोंबत हुतं ते लावलं, असं त्या पुटपुटल्या, आणि पदराच्या टोकाला बोटं गुंडाळू लागल्या. सत्यशीलाला त्या बोटांकडे बघवेना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण तिनं दुसऱ्यांसाठी किती वेळा वापरली होती.

"त्यांनी माझा नियम पाळला," ती म्हणाली. "टोक मी सोडलं. चिठ्ठी मी लावली नाही. चूक माझी आहे, डॉक्टर."

 संजय आपल्या बुटांकडे पाहत होता. सत्यशीला नंदाताईंकडे वळली.

"ते करडं टोक काढा. तुम्हीच काढा."

नंदाताईंनी आधी पुन्हा हात जोडले. मग खिट्टी दाबून टोक ओढलं, जसं सत्यशीलाला ओढताना पाहिलं होतं तसं. दिवे थांबले. मग एक लुकलुकला, मग दुसरा, आपापल्या मर्जीनं. सत्यशीलानं राऊटरची वायर परत जागेवर लावली. समोरच्या खोलीत छपाईयंत्र घरघरलं आणि श्रद्धानं मागितलेला कोरा कागद बाहेर आला, त्यामागून येरवड्याचे रिपोर्ट, एकामागून एक. बाकड्यावरचे एक आजोबा म्हणाले, आता तरी सुई टोचा, भूक लागलीय. नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी संजयला विचारलं, तुमच्याकडे हे किती वेळात कळलं असतं? संजय प्रामाणिक होता. त्यानं सांगितलं, की कंपनी जो स्विच बसवते त्यात असं टोक आपलं आपण ओळखून बंद होतं, त्यामुळे हे घडलंच नसतं. हा स्विच साधा आहे. सत्यशीला म्हणाली, अगदी बरोबर आहे, तसा स्विच मांजरीला घ्यायलाच हवा, मी लिहून देते. डॉक्टरांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे घोळ तुम्ही घातला," ते म्हणाले.

"हो."

"आणि अर्ध्या तासात निस्तरला तोही तुम्हीच. हत्यारांशिवाय."

"हो."

"कंपनीत या दोन कामांना दोन वेगळी माणसं असतात," डॉक्टर संजयकडे वळून म्हणाले, "आणि पहिला कधी सापडत नाही."

मग ते गाडीकडे गेले. सही, मुहूर्त, काउंटर, यातलं ते काहीच बोलले नाहीत, आणि सत्यशीलानंही विचारलं नाही. आपण खरं बोललो याचं तिला समाधान होतं, पण खोटं कशाला सांगा, काउंटरची खुर्चीही डोळ्यांपुढे होती.

बाकीचे कामाला लागले. नंदाताई मात्र कपाटापाशीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, त्या एवढ्याशा टोकानं एवढं समदं कसं काय बंद पडलं? सत्यशीला सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की सहा महिन्यांत या बाईला तिनं नियम सांगितला होता, कारण कधी सांगितलं नव्हतं. सिराजभाईंनी तिला पहिल्याच दुपारी कारण सांगितलं होतं. ती जमिनीवर बसली आणि नंदाताईंनाही बसवलं.

"मांजरीत कुणाची पोरगी पळून गेली, की बातमी घरोघर जाते ना?" ती म्हणाली. "तशी ही पेटी काही निरोप सगळ्या खोल्यांना सांगते. आता तुम्ही सांगितलेली बातमी गावभर फिरून मागच्या दारानं पुन्हा तुमच्याकडेच आली, आणि तुम्ही ती नवी समजून पुन्हा सांगायला निघालात तर?"

"मंग दिवसभर त्येच चालंल," नंदाताई म्हणाल्या. "दुसरं कोन कुनाचं ऐकंल?"

"तेच झालं. ते टोक म्हणजे मागचं दार."

नंदाताईंनी करड्या वायरीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, म्हंजी टोक लावायच्या आदी त्याचं दुसरं टोक कुटं हाय ते हुडकायला पायजे. बारा वर्षांच्या कामात सत्यशीलानं जो नियम केला होता, त्यापेक्षा हा चांगला होता. तिनं तो तिथल्या तिथं स्वीकारला, आणि तो कुणाचा आहे हे पुढं प्रत्येक शाखेत नाव घेऊन सांगितलं.

दसऱ्याला संतोषनं पाटावरची हत्यारं उचलून बायकोच्या हातात दिली. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला ती डॉक्टरांच्या घरी गेली. डॉक्टरांनी पानं घेतली, आणि टेबलावरचा एक कागद तिच्यापुढं सरकवला. मुहूर्तावर सही झालेली होती. कंपनीकडून तीन नवे स्विच घ्यायचे, फक्त स्विच. ते बसवायचे आणि पुढं होणाऱ्या दोन धरून पाचही शाखांचं नेटवर्क सांभाळायचं सत्यशीला कोकाटे यांनी. खाली एक ओळ पेनानं वाढवलेली होती: मदतनीस एक, निवड त्यांची.

"मुहूर्त वाया घालवणं मला परवडत नाही," डॉक्टर म्हणाले. "चहा घेणार असाल तर साखर नाहीये."

ती बिनसाखरेचा चहा प्याली, आणि तो तिला गोड लागला.

सोमवारी मांजरीला नवं तपासणीयंत्र आलं. त्याची वायर छताच्या कडेनं न्यायची होती. सत्यशीलानं शिडी लावली, नवं रीळ काढलं, करड्या वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या आणि हाक मारली, नंदाताई, शिडी धरा.

नंदाताई आल्या. त्यांनी शिडीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, हातातलं फडकं खिडकीत ठेवलं.

"धरा तुमीच," त्या पदर खोचत म्हणाल्या. "दुसरं टोक कुटं जातंय ते मला वरून बघायचं हाय."

सत्यशीलानं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि त्यांना सांगितलं, वर गेल्यावर खाली बघू नका.